उजेड धरायचा पिंजरा

"आधीच सांगतो, कोणाचा बाप यावर विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून दिनकररावांनी दिवा पोटाशी धरला आणि थेट उंबऱ्यावर बसकण मारली. समोर अंगणात भंगार घेणारा कबाडी विष्णू तराजू हातात घेऊन उभा. गोरखपूर मोहल्ल्यातल्या सगळ्या गल्ल्यांतून त्याचा ठेला फिरतो, आणि आज त्याला दिनकररावांच्या बायकोनं, कुमुदताईंनी, मुद्दाम फोन करून बोलावलं होतं.

कारण पुतणी दुर्वा. ती दिवे आणि फर्निचर घडवते, आणि तिनं काकाच्या वाढदिवसाला आपल्या हातच्या दोन वस्तू दिल्या होत्या. बरगी धरणाकडे मासे धरायला बांबूचा पिंजरा लावतात ना, तसा पिंजरा घेऊन तिनं त्याचा दिवा केला होता. आत बल्ब, वर पितळेची बारीक मान. पेटला की भिंतीवर पाणी हलायचं. आणि खुर्ची नदीवरच्या ग्वारीघाटावरच्या एका मोडक्या नावेच्या फळ्यांची, तळाला गोलवा असलेली; बसणारा डुलत राहायचा. दिनकरराव सकाळी दात घासायच्या आधी या दोन्हींचं दर्शन घेत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवत, "बघा, काडीला मारलेली गाठसुद्धा पोरीनं लपवली नाही. उलट मिरवलीये!"

कुमुदताईंचं म्हणणं एकच होतं. त्या दिव्याखाली सुईत दोरा जात नाही, आणि त्या खुर्चीत मटार सोलायला बसलं की निम्मे सोफ्याखाली.

"एक उपयोग सांगा," त्यांनी बजावलं. "पटला तर दोन्ही राहतील. नाही तर विष्णू उचलेल."

आजवर दिनकररावांनी मारलेल्या थापा हौसेच्या होत्या. आज पहिल्यांदाच थापेला कामाला जुंपायचं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"परवा तू भजनाला गेली होतीस. दुपारी लाइट गेली. मी म्हटलं, बाहेर एवढं ऊन वाया जाऊन राहिलं, मी अंधारात काहून बसू? हा पिंजरा खिडकीत ठेवला, तोंड उन्हाकडे करून. आता मासा कसा, आत शिरतो पण बाहेर येऊ शकत नाही; काड्यांची टोकं टोचतात. उन्हाचंही तेच झालं. पहिले बोटाबोटाएवढी किरणं आली. त्यांच्यामागं मोठी. मग झुंडच्या झुंड!"

"फिर?" विष्णूनं तराजू खाली केला.

"फिर काय! भरदुपारी काळोख. बाजारात धडाधड शटर पडले. ग्वारीघाटावर पुजाऱ्यांनी घाईघाईनं संध्याकाळची आरती उरकली. नाववाले जेवायला घरी गेले, तर बायका म्हणतात, आत्ताच तर ताटावरून उठलात!"

"अन् हे पेपरात नाही आलं," कुमुदताई म्हणाल्या.

"छापायला उजेड कुठं होता?"

"अम्मा जी, बाबूजी झूठ नहीं बोल रहे," विष्णू मध्येच म्हणाला. "परसों हम भी ठेला लगाके पेड़ के नीचे सो गए थे, रात समझ के."

"तू तर रोजच झोपतोस."

"रोज दिन समझ के सोते हैं, अम्मा."

कुमुदताईंचे गुडघे बोलायला लागले. अंगणात बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या विष्णूला द्यायला बाहेर काढून ठेवलेल्या नावेच्या खुर्चीतच टेकल्या. दिनकररावांनी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"आता माझे हाल ऐक. मी याच खुर्चीत, मांडीवर पिंजरा. आत उजेड असा फडफडून राहिला की आवरेना. अन् वजन! खुर्ची बुडायला लागली."

"फरशीत?"

"नावेचं लाकूड आहे, कुमुद. अंधार झाला की त्याला किनाऱ्याची ओढ लागते. पहिले डुलली, मग सोफ्याला वळसा घालून निघाली. मी झाडू उचलला, वल्हवू लागलो. टीव्हीपाशी भोवरा होता, तो चुकवला. पुढं देव्हारा आला. हात जोडले."

"चपला काढल्या होत्या ना?" कुमुदताईंनी काळजीनं विचारलं.

"नावेत चपला कोण घालतं?"

"अच्छा." आणि त्यांच्या पायानं हळूच जमिनीला रेटा दिला. खुर्ची डुलली. पुन्हा डुलली.

दिनकररावांना बळ आलं. "शेवटी नाव लागली स्वयंपाकघरात, ओट्याला. तिथं मी पिंजऱ्याचं बूड सोडलं, मासे धरणारे ढीमर लोक सोडतात तसं, अन् उलटा करून झटकला. बदाबदा उजेड सांडला! फळीमागं, डब्यांमागं, मिक्सरखाली, कुठं म्हणून अंधार उरला नाही. बाकीचा खिडकीतून पळाला. बाहेर परत दुपार झाली."

विष्णूनं तराजू ठेल्यावर ठेवून दिला. कुमुदताई डुलत होत्या, डोळे अर्धवट मिटलेले. इथं थांबायला हवं होतं. पण उपयोग सांगायचा राहिलाच होता, आणि समोरचं माणूस एवढं मऊ झालेलं बघून थापाड्याच्या जिभेला लगाम कसा राहील?

"अन् त्या उजेडात, कुमुद, मला साखर दिसली. चहापत्ती दिसली. आल्याचा तुकडासुद्धा. मी स्वतः चहा केला, प्यायलो, अन् पातेलं घासून पालथं घातलं."

खुर्ची थांबली.

"खोटं!" कुमुदताई अशा कडाडल्या की विष्णू दोन पावलं मागं सरला. "ऊन पिंजऱ्यात शिरलं, मानलं. खुर्ची ओट्याला लागली, तेही मानलं. ठेवा दोन्ही घरात, माझं काही म्हणणं नाही. पण पातेलं तुम्ही घासलं? साफ खोटं!"