डावं मूत्रपिंड

दादा आणि मी शाळा-कॉलेजांसाठी माणसाच्या शरीराचे पुतळे बनवतो. छाती-पोट उघडं, आत एकेक अवयव खुंटीवर बसवलेला. साचे त्याचे, रंग माझे. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली बसवायचं, कारण त्याच्या वर यकृत ठाण मांडून असतं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन.

अशा या दादाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचा आणि उरलेल्या दिवशी कारखान्यात येऊन आमच्यावर खेकसायचा. पाणी मोजून प्यायचं, लघवी बंदच. हल्ली तर जिना चढताना मध्येच बसायचा. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड बसवून घ्या. तपासणीत माझं जुळलं. मी लगेच हो म्हटलं आणि दादा हट्टाला पेटला.

"दुसऱ्या संचातला तुकडा कधी खुंटीवर बसलाय का?"

मी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं पुतळे करून हा माणूस स्वतःलाच फायबरचा समजायला लागला होता.

"दादा, जुनी काढतच नाहीत. नवं खाली, ओटीपोटात बसवतात."

"तिथे खुंटी नाही."

"रक्तवाहिन्या आहेत ना! त्यांना जोडतात."

"यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

चार दिवसांनी दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. समोरच्या पुतळ्यातलं डावं मूत्रपिंड त्याने उचकटून काढलं. रंग ओला होता, बोटं माखली.

"असा पुतळा पाठवला तर शाळा परत पाठवते, बारके. एक तुकडा कमी आहे म्हणून."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भीती त्याला स्वतःची नव्हतीच, माझी होती. मला रडू आलं आणि रागही आला.

"अरे, पुतळ्यातलं काही काम करतं का? माझं उरलेलं करेल. एकटं पडलं की ते मोठं होतं, दोघांचं ओढतं. बाबा गेल्यावर तू नाही ओढलंस?"

तो हात न धुताच घरी गेला आणि वहिनीला म्हणाला, कागद आण, सही करतो.

परवानगी देणाऱ्या समितीने मला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मी शेजारी बसलेल्या दादाकडे बोट करून म्हटलं, आहे ना, याचाच. देऊ नको म्हणून. अध्यक्षीणबाईंनाही हसू आवरेना.

शुद्धीवर आले तेव्हा डाव्या कुशीत ठणका लागला होता. वहिनी उशाशी होती. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी सुरू झाली त्यांना. दोनदा पिशवी रिकामी केली." वहिनी हसता हसता रडायला लागली. लघवीसाठी एवढा आनंद मी जन्मात पाहिला नव्हता.

संध्याकाळी सिस्टर पुन्हा आल्या.

"तुमचे भाऊ बोलायला लागलेत. सारखं एकच विचारतायत, बारकीला लघवी झाली का?"

माझ्याही पलंगाला पिशवी टांगलेली होती. मी वहिनीला वाकून बघायला सांगितलं.

"अर्ध्याच्या वर भरलीय," ती म्हणाली.

"तसंच सांगा त्याला," मी सिस्टरना म्हटलं.