शेवग्यावरचं मोहोळ

रेणुकाचा हात झपाट्याचा होता. नवऱ्याला, सिद्धोधनला, सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर वेळेत पोचायचं असायचं, म्हणून झुंजुमुंजूलाच तिच्या भाकरी होऊन जायच्या. त्याला पिंगळीच्या स्टेशनाकडं धाडलं की उन्हं चढायच्या आत ती रानात. कापूस वेचताना तिच्या शेजारची ओळ धरायला बायका नाखूश असत. म्हणून करडईच्या बांधाला मधमाश्यांच्या चार पेट्या येऊन बसल्या तेव्हा तिला वाटलं, यातबी काय, हात चालला की झालं.

परभणीला मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात सगळं सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि समोर आलेलं यात अंतर असतं. पहिल्या रविवारी थंडी होती, म्हणून तिनं काळं स्वेटर घातलं. नुकतंच न्हाणं झालेलं, केसांना वासाचं तेल. ती सरळ पेटीच्या दारापुढं जाऊन उभी राहिली. झाकण माश्यांच्या डिंकानं चिकटलेलं होतं, ते तिनं हिसका देऊन उचललं.

पहिली माशी पापणीला डसली. रेणुकानं थप्पड मारली, माशी चिरडली, आणि त्यासरशी दहाबारा जणी बाहेर पडल्या. ती पळाली. त्या मागं लागल्या. घरी आली तेव्हा एक डोळा मिटलेला आणि ओठ वडापावासारखा फुगलेला.

"काढून टाक त्या पेट्या," सासू चांगुणाबाई म्हणाल्या.

चांगुणाबाईंच्या बोलण्याला कारण होतं. त्या लहान असताना त्यांच्या बापाचे बैल मोटेला जुंपलेले होते आणि विहिरीच्या कपारीतलं आग्या मोहोळ उठलं. माणसं पळाली. बैलांना पळता आलं नाही. चांगुणा विहिरीच्या पायरीवर नाकापर्यंत पाण्यात बसून राहिली आणि वर बैलांचं हंबरणं ऐकत राहिली. ते हंबरणं थांबलं तेव्हाच ती वर आली. तेव्हापासून घोंगावण्याचा आवाज आला की त्या पदर तोंडावर ओढायच्या.

रेणुकानं पेट्या काढल्या नाहीत, पण देवगाव फाट्याच्या तात्यारावांना फोन केला. पेट्या त्यांनीच दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर आले, तिचं तोंड बघून हसले नाहीत, आणि तिला पेटीच्या बाजूला गोणपाटावर बसवलं.

"काय करू, तात्या?"

"काईच करू नका. बसून ऱ्हावा."

बराच वेळ दोघं बसले. माश्या यायच्या, मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटवलेल्या, आणि दाराच्या फळीवर धपकन उतरायच्या.

"ह्यो त्यायचा रस्ता हाय," तात्याराव हळू आवाजात म्हणाले. "त्याच्यात तुमी उभ्या ऱ्हायलात. अंगावर काळं, केसाळ. मध चोरायला अस्वल आल्यावानी. वरून झटका. डसतील न्हाई तर काय?"

ते जाताना एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगून गेले, की माशी चिरडू देऊ नका. चिरडलेल्या माशीचा पिकल्या केळासारखा वास सुटतो आणि तो आला की बाकीच्या खवळतात. जाड हातमोज्यात बोटांना काही कळत नाही आणि माश्या चेंगरतात, तेव्हा जमलं तर उघड्या हातानं करा. डसलीच तर काटा चिमटीत धरून उपटू नका, नखानं खरवडून काढा, जागेवर धूर द्या, आणि कामाला लागा.

मग रेणुका हळू हळू शिकली. सिद्धोधनचा जुना पांढरा सदरा, तोंडावर जाळी, केसाला तेल नाही. मागच्या बाजूनं जायचं. गोवरीचा थंड, पांढरा धूर दोनदा सोडायचा आणि थांबायचं. झोपलेल्या लेकरावरची गोधडी काढावी तसं झाकण काढायचं. श्वास आतल्या पोळ्याच्या चौकटीवर पडू द्यायचा नाही, मान वळवून सोडायचा. आधी तिला हे थांबणं छळायचं. पुढं पुढं त्या थांबण्यातच तिला माश्या दिसायला लागल्या. एकीनं दुसरीच्या तोंडात मध दिलेला दिसला, पंखानं वारा घालणाऱ्या दिसल्या. डसणं कमी होत होत जवळजवळ बंद झालं.

करडईची फुलं केशरी व्हायला लागली होती. एका दुपारी रेणुका आणि चांगुणाबाई आखाड्यावर, शेतातल्या खळ्यापाशी, तुरीचं भूस भरत होत्या. अचानक आवाज आला. आधी लांबच्या ट्रकसारखा, मग सगळ्या बाजूंनी. तिसऱ्या पेटीच्या दारातून माश्या उड्या टाकत बाहेर पडत होत्या. आभाळात त्यांचा भोवरा फिरत होता, घराएवढा, आणि त्याच्या आरपार ऊन दिसत होतं.

"आगं माय! हे काय उठलं!" चांगुणाबाईंनी पदर ओढला.

"पेटी फुटली, आत्याबाई. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघाली."

भोवरा हळूहळू विहिरीजवळच्या शेवग्याकडं सरकला. बघता बघता एका फांदीवर माश्या जमू लागल्या, एकमेकींच्या पायाला पाय अडकवून, आणि फांदीला हातभर लांबीचा तपकिरी घोस लटकला. आवाज उतरला. रेणुकानं फोन लावला.

"मी यायलो तरी दोन तास लागतील," तात्याराव म्हणाले. "तवर त्यायचा ठाव ठरतो अन् त्या उडून जात्यात. तुमालाच धरावं लागंल. मी ठिवून गेलेली जादाची रिकामी पेटी झाडाखाली आना. भिऊ नका. त्या मध पोटात भरून निघाल्यात, राखायला घर न्हाई. सहसा डसत न्हाईत. पन फांदी धपकन पडू देऊ नका."

शेवग्याचं लाकूड ठिसूळ. एकीनं फांदी धरायची आणि दुसरीनं करवतीनं कापायची, याला दुसरा इलाज नव्हता. रेणुकानं सासूकडं पाहिलं.

चांगुणाबाई आखाड्याच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं नेसलेलं होतं. आदल्याच दिवशी विहिरीवर धुऊन ते तिथं वाळत घातलं होतं. एका हातात करवत होती. जाळी एकच होती, ती रेणुकानं त्यांच्या डोक्यावर घातली.

"अन् तू?" त्यांनी विचारलं.

"मला त्यायची वळख हाय."

रिकामी पेटी झाडाखाली ठेवून रेणुका स्टुलावर चढली. घोसाच्या वर, टीचभर अंतरावर तिनं उघड्या हातानं फांदी धरली. चांगुणाबाईंनी बुंध्याकडून करवत ओढायला सुरुवात केली. लांब, हलके हात. फोन चालूच, त्यांच्या कमरेला खोचलेला, त्यातून तात्याराव मधूनमधून "सावकाश, सावकाश" म्हणत होते.

फांदी सुटली. सगळा भार रेणुकाच्या मनगटावर आला, पाण्याच्या भरल्या कळशीसारखा, पण जिवंत. घोस थरथरला, लाटेसारखा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. ती एकेक पाय चाचपत खाली उतरली. आणि तेवढ्यात माश्या फांदीवरून वर चढायला लागल्या. वर तिचा हात होता.

आधी बोटांवर. मग मनगटावर. मग कोपरापर्यंत. तिचा हात दिसेनासा झाला.

"तात्याराव," चांगुणाबाई कुजबुजल्या, "तिच्या हातावर चढायल्यात हो."

"मग राणी तिच्या हातावर हाय," ते म्हणाले. "ताई, हलू नका. मूठ आवळू नका. तोंड वळवून श्वास घ्या."

रेणुका उभी राहिली. माश्या गरम होत्या, हे तिला माहीत नव्हतं. चुलीजवळच्या भिंतीला हात लावावा तशी ऊब. हजारो बारीक पाय तिच्या कातडीला धरून होते, कुणी नख लावत नव्हतं. गवती चहासारखा वास येत होता. त्यांचा आवाज कानात येत नव्हता, हाडातून चढत होता, दंडातून छातीत, छातीतून दातांत. आपला हात कुठं संपतो आणि त्या कुठं सुरू होतात, हे तिला सांगता आलं नसतं. भीती होती, पण ती फार लांब कुठंतरी उभी होती.

मग बोटांच्या पेरांवरची गर्दी जराशी फाकली. आणि तिला राणी दिसली. लांबट, तांबूस, पंख पाठीवर तोकडे. ती घाई न करता चालत होती, आणि ती जाईल तिकडं माश्या तोंड वळवत होत्या, वाट देत होत्या. रेणुकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही.

"आत्याबाई, पेटीतली चौकट आना. हाताला लावून धरा."

रिकाम्या पेटीतली मेणाची चौकट घेऊन चांगुणाबाई गुडघ्यावर बसल्या आणि ती त्यांनी सुनेच्या बोटांना टेकवली. राणी पेरावरून चौकटीच्या लाकडावर आली. तिथून तिनं वाट बदलली, चांगुणाबाईंच्या अंगठ्यावर चढली, नखापर्यंत गेली, थांबली, आणि वळून मेणावर उतरली. तोवर चांगुणाबाईंनी श्वास घेतला नव्हता.

चौकट पेटीत बसली. माश्या पाणी उताराला लागावं तशा तिच्यामागं वाहू लागल्या, रेणुकाच्या हातावरून, फांदीवरून, लुगड्याच्या घडीवरून. काही जणी दाराशी उभ्या राहून बूड वर करून पंख फडफडवू लागल्या आणि हवेतल्या राहिलेल्या माश्या तोच गवती चहाचा वास धरून खाली आल्या. फोनमधून तात्याराव विचारत होते, "झालं का? ताई, झालं का?"

"झालं," शेवटी चांगुणाबाई म्हणाल्या.

रेणुकाचा हात कोरा होता. एकही काटा नव्हता. दोघी उन्हं कलेपर्यंत पेटीपासून चार हातांवर बसून राहिल्या. घरी जाऊ म्हणायचं दोघींच्याही मनात आलं नाही.

सिद्धोधन संध्याकाळी घरी आला तेव्हा चांगुणाबाई ओट्यावर पांढऱ्या लुगड्यातच बसलेल्या होत्या. आज पौर्णिमा नव्हती. काय झालं ते त्यानं विचारायच्या आधीच त्यांनी उजवा हात त्याच्यापुढं धरला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "राणी हितून चालत गेली."