हवेतली कात्री

सकाळचे ऊन खिडकीपाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उतरले होते, आणि बाबांच्या कात्रीवरून ते इतके सावकाश सरकत होते, की ते सरकते आहे हे पटण्यासाठी त्याला नजर काढून पुन्हा आणावी लागे... आधी टोक, मग पाते, मग अंगठ्याने झिजवलेली ती कडी. यंत्राच्या खोलीत धातू न्यायचा नसतो. घड्याळ, चष्मा, किल्ल्या बाबांनी निमूट काढून दिल्या. कात्री मात्र शेवटी, जरा घुश्शातच.

‘‘प्रयोगाला एक माणूस कमी पडतोय, बाबा,’’ असे त्याने फोनवर सांगितले होते, आणि केशकर्तनालय बंद ठेवून बाबा आले होते.

आता ते जाड दारापलीकडे, मेंदूतली चुंबकीय स्पंदने टिपणाऱ्या टोपाखाली बसले होते. खूण दिसली की बोट हलवायचे, मग स्वस्थ राहायचे. हालचालीपूर्वी पडद्यावरची लय ओसरते, हात थांबला की उसळून परत येते – कुणाला तरी दाखवावे असे त्याच्यापाशी एवढेच होते – आणि बाबांची लय परत येतच नव्हती.

त्याने माइक ओढला. ‘‘बाबा, हात सैल सोडा.’’

‘‘सोडलाय की!’’

कॅमेऱ्यात बोटे खरोखरच निश्चल होती. ‘‘मग मनात काही चाललंय का?’’

‘‘कात्री. ती बंद कधी असते रे?’’

मागे उभ्या असलेल्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हसल्या. ‘‘विश्रांतीच नाही. हे मोजमाप गाळावं लागणार.’’

गाळू देत... दोन बटांच्या मधल्या क्षणी हवेतच चालणारी ती कात्री – गिऱ्हाइकावर छाप पाडायला, असे त्याला वाटे; दुकानातल्या मागच्या बाकावर बसून त्याच आवाजावर त्याने पाढे पाठ केले होते, आणि शाळासोबती दारात दिसला की मान खाली घातली होती. ते तर ठेका सांभाळणे होते. हात रिकामा असतानाही न सुटलेला तो ठेकाच आता पडद्यावरच्या लयीला परत येऊ देत नव्हता, आणि मॅडमकडे त्याला बघवेना.

बाबा बाहेर आले. चष्मा लावून, पडद्यापुढे उभे राहून, गिऱ्हाइकाची मान आरशात न्याहाळावी तशी त्यांनी मान कलती केली.

‘‘हे माझं?’’

‘‘तुमचंच.’’

‘‘आणि हे तुला वाचता येतं?’’

‘‘थोडंफार.’’

‘‘डावीकडे जरा वर राहिलंय,’’ ते म्हणाले. ‘‘बाकी काम सफाईचं आहे हो तुझं.’’ मग कात्री खिशात सरकवीत, ‘‘भागली ना तुझी अडचण? नड होती म्हणून आलो.’’

‘‘हो, बाबा.’’

ट्रे रिकामा झाला होता. ऊन तिथेच होते. दाराबाहेर बाकावर प्रयोगासाठी आलेले तिघे-चौघे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले होते, कालही बसले होते.

माणूस कमी पडत नव्हता.