लंकाबाईच्या कोनाड्यातला सर्व्हो आर्म

मी एक जुना सर्व्हो आर्म आहे आणि खरं सांगायचं तर आता अर्धाच आहे. मिरजगावच्या लंकाबाईच्या घरी, कोनाड्यात, काड्यापेटीशेजारी पडून असतो. मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची काही चूक नाही. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानात सर्व्हो नावाची डबी असते. खाली उभा असलेला माणूस हातातल्या पेटीवरची कांडी हलवतो, तशी ती डबी आपला दांडा फिरवते. त्या दांड्यावर बसून विमानाची शेपटी वरखाली करणारी जी इवलीशी पट्टी, ती मी. करंगळीच्या दोन पेरांएवढा जीव, पण अख्खं विमान माझ्या भरवशावर.

मी जन्मलो तो करवतीचं पातं म्हणून. नगरजवळच्या नागापूरला मच्छिंद्रचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे मशीनवर मी वर्षभर लोखंड कापलं. एके दिवशी मोडलो आणि खणात जाऊन पडलो. तिथे सुखात होतो. वाईट दिवस पुढेच होते.

मच्छिंद्रचा जिवलग मित्र कानिफनाथ. लष्करात रेडिओ दुरुस्त करून निवृत्त झालेला आणि विमानांनी पुरता झपाटलेला. तो दुष्काळाचा काळ होता, १९७३ साल नुकतंच लागलं होतं. लोक खडी फोडायला जात होते आणि हा गडी लाकूड तासून जेट विमान बनवत होता. त्याच्या पाठीवर पत्र्याचं नळकांडं होतं. आत पेट्रोल पेटलं की ते लालभडक व्हायचं आणि असं गरजायचं की कानात बोटं घालावीत. विलायती रेडिओच्या संचाबरोबर आलेला प्लॅस्टिकचा आर्म त्या धगीनं वाकून गेला. अॅल्युमिनियमचा केला, त्याचं भोक दोन दिवसांत सैल झालं. पितळेचा केला, तो जड झाला आणि शेवटी वाकलाच. पोलादाशिवाय इलाज नव्हता.

हे कळलं शनिवारी. आणि रविवारी सकाळी एक मोठे साहेब विमान बघायला येणार होते. लष्कराला तोफांच्या सरावात नेम धरायला अशी विमानं हवी होती. साहेब सोमवारी दिल्लीला परत जाणार होते.

आता आमच्या भागात शनिवारी कोणी लोखंड विकत घेत नाही, तेलही घेत नाही. शनिशिंगणापूर इतकं जवळ, तिथे शनीशी वाकडं कोण घेणार? मच्छिंद्रनं खण उपसला आणि मी हाती लागलो.

"हे इकत आनल्यालं न्हाई," तो म्हणाला. "ह्याला शनी काय म्हननार?"

त्यानं मला भट्टीत लाल केलं, राखेत हळूहळू निववून मऊ केलं, कापलं, घासलं, भोकं पाडली. मी देखणा झालो, हे मी स्वतःच सांगतो. मग मला पुन्हा कडक करायचं होतं. त्यासाठी लाल पोलाद तेलात बुडवतात. मच्छिंद्रनं डबा तिरका केला, तर तळाशी नुसता चिखल. त्यानं दाराबाहेर पाहिलं. तेलाचं दुकान वीस पावलांवर होतं आणि उघडं होतं.

"आज तेल घेऊ नगं," शेजारी बसलेला कानिफनाथच म्हणाला. "शनवारी नगं. उद्याच्या कामात इघ्न नको यायला."

"पानी तर हाय," मच्छिंद्र म्हणाला आणि मला बादलीत सोडलं.

माझ्या पोलादाला पाणी सोसत नाही. आत कुठेतरी टिच् झालं. केसापेक्षा बारीक चीर पडली, बाहेरून कुणाला दिसली नसती. मला मात्र ती कळली आणि भीती वाटली.

मच्छिंद्रची एक रीत होती. केलेला प्रत्येक तुकडा तो ऐरणीवर टाकून ऐकायचा. धड तुकडा खणकन वाजतो. त्यानं मला टाकलं, मी बद्द वाजलो. त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. तो खाली वाकून माझ्याकडे बघत राहिला.

"जमलं का रे?" कानिफनाथनं विचारलं. त्याचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा उजळला होता.

"जमलं," मच्छिंद्र म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, "एक दिस तर काढायचाय. सोमवारी दुसरा करू."

विमान उडायचं होतं लंकाबाईच्या माळावर. लंकाबाई म्हणजे कानिफनाथची थोरली बहीण. माळाच्या कडेला तिची कडब्याची गंजी होती, गेल्या सालची, जपून राखलेली. त्या वर्षी पंचक्रोशीत काडी मिळत नव्हती. तिचे दोन बैल, हौशा आणि पाखऱ्या, त्याच गंजीवर पाऊस पडेपर्यंत जगायचे होते.

रविवारी माणसं जमली. साहेब आले. लंकाबाई गंजीपाशी उभी होती, जणू तिच्या उभं राहण्यानं गंजी सुरक्षित राहणार होती.

"कानिफा, हिकडं न्हाई ना येनार रं ते?"

"आक्का, माझ्या बोटात हाय ते. तू बघच."

मच्छिंद्र शेजारीच होता. त्यानं तोंड उघडलं. मी म्हटलं, आता सांगेल, आता सांगेल. पण तो खाली वाकला आणि सायकलच्या पंपानं नळकांड्यात हवा भरू लागला.

नळकांडं गरजलं. झाडावरचे कावळे उठून गेले. बैलांनी दावी ताणली. आम्ही वर गेलो. शेपटीचा प्रत्येक झटका त्या चिरेवर बसत होता आणि ती पुढे सरकत होती. पहिली फेरी झाली, टाळ्या पडल्या. दुसरीला साहेब हसले. मला खाली फक्त एकच माणूस हसताना दिसला नाही. तिसऱ्या फेरीला कानिफनाथनं विमान वर उचलायला कांडी ओढली. डबीनं जोर लावला आणि मी मोडलो.

शेपटी मोकळी सुटली. विमानानं नाक खाली घातलं ते थेट गंजीच्या बुडाशी. लंकाबाई बाजूला पळाली म्हणून वाचली. तापून लाल झालेलं नळकांडं, वर पेट्रोल आणि वर्षभर वाळलेला कडबा. विहिरीत वाटीनं भरावं एवढंच पाणी होतं. माणसांनी ओंजळींनी माती फेकली. पाऊण तासात काही राहिलं नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बोट चुकलं माझं," कानिफनाथ म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. विलायती रेडिओवर त्याचा विश्वास होता, मित्रावर त्याहून जास्त. चुकायला त्याचं स्वतःचं बोटच तेवढं उरलं होतं.

संध्याकाळी राख निवल्यावर मच्छिंद्रनं ती चाळली. राखेच्या कडेला मातीत मी सापडलो, आगीतून सुटलेला, अर्धा. माझा मोडलेला भाग नीट पुसून त्यानं उन्हाकडे धरला. जिथे जुनी चीर होती तिथे काळं पडलं होतं, आणि बाकीचं ताजं, चकचकीत. कामगाराला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यानं मला खिशात टाकलं आणि गप्प राहिला. एक दिवस नाही, बारा दिवस. कानिफनाथनं रेडिओची पेटी माळ्यावर टाकली होती आणि तो बहिणीच्या दारात जायला धजत नव्हता.

बाराव्या दिवशी लंकाबाई बैलांना घेऊन गुरांच्या छावणीला निघाली. छावणी आठ कोस. बारा दिवस बैलांनी बाभळीचा पाला चघळला होता. हौशा उठला. पाखऱ्या उठेना. तिनं शेपूट पिळलं नाही, काठी उगारली नाही. नुसती त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. संध्याकाळपर्यंत ती मान तिच्या मांडीवर जड झाली.

तेव्हा मच्छिंद्र आला. कानिफनाथला हाताला धरून घेऊन आला. त्यानं मला लंकाबाईच्या तळहातावर ठेवलं.

"आक्का, कानिफाचं बोट न्हाई चुकलं. ह्याला चीर हुती. मला शनवारीच ठावं हुतं."

कानिफनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. लंकाबाईनं मला उलटंसुलटं केलं.

"एवढंसं?" ती म्हणाली. बोटानं मोडलेली कड चाचपली. मग म्हणाली, "सांगायचं हुतंस, मच्छिंद्रा. मी काय खाल्लं असतं का तुला? इमान उद्या उडालं असतं, न्हाई तर न्हाई उडालं."

"लाज वाटली, आक्का. कानिफा लई खूश हुता."

ती उठली. तिनं मला आत नेऊन कोनाड्यात ठेवलं आणि पाखऱ्याचं दावं सोडायला गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या लहान वस्तूंची काळजी घ्या, त्यांना वेळेवर तेल द्या, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. आपल्या हातून काही बिघडलं असेल, तर ते वर उडण्याआधी सांगून टाका, समोरचा कितीही खूश असला तरी. मी लोखंडाचा तुकडा. चीर मला पहिल्या क्षणी कळली होती, पण मला तोंड नव्हतं. मच्छिंद्रला होतं.