चौदा नंबर उतरवताना

डेलनीचा दुसरा फ्री थ्रोही कडीवर आपटून बाहेर उडाला, तशी तिसऱ्या रांगेतली रोंडा हॅवरकँप ताडकन उभी राहिली.

"अगं, गुडघे वाकव! बॉल काय नुसत्या हातानं जातो होय?" तिचा आवाज हॉलभर घुमला. "पाठीवर कुणाचा नंबर आहे, आरशात बघून ये एकदा!"

आजूबाजूची दहा-बारा माणसं हसली. कॅल्डर कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांना रोंडाचं ओरडणं तिकिटाबरोबर फुकट मिळे. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, वेननं, पॉपकॉर्नच्या पुड्यात डोकं घातलं. मैदानात डेलनीनं तळवे चड्डीला पुसले आणि वर न पाहता बचावाला मागे धावली. तिच्या पाठीवरचा चौदा आकडा घामानं चिकटला होता.

तीस वर्षांपूर्वी तो आकडा रोंडाचा होता. आयोवाच्या त्या भागात चाळिशीच्या पुढचं कुणीही सांगू शकलं असतं की, कॅल्डरच्या मुलींमध्ये तिच्याइतके गुण ना आधी कुणी केले, ना नंतर. मुलगी त्याच कॉलेजात दाखल झाली, तेव्हा रोंडानं स्वतः जाऊन तिच्यासाठी चौदा नंबर मागून घेतला होता. डेलनीला कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी क्रीडा विभागाचे प्रमुख ब्रेंट ऑसगुड यांनी रोंडाला कचेरीत बोलावलं. कोच मॅकरे आधीच येऊन बसली होती. दक्षिणेतून आलेली ही उंच बाई तीन वर्षं मुलींच्या संघाला शिकवत होती आणि मोजकंच बोलत होती.

"समितीनं ठरवलंय, रोंडा," ऑसगुड म्हणाले. "चौदा नंबर निवृत्त करायचा. यापुढे तो कुणी घालायचा नाही. फेब्रुवारीत, इथल्या शेवटच्या सामन्याला जर्सी छताला टांगू."

रोंडानं हातमोजे काढले आणि मांडीवर एकावर एक ठेवले. हॉलच्या छताला पाच जर्सी होत्या. पाचही पुरुषांच्या. त्यांतला एक आता गावात जुन्या गाड्या विकत होता. कॉलेजात असताना तिनं त्याला एकास एक खेळून दोनदा हरवलं होतं.

"एकमत झालं नाही, हे मीच सांगते," कोच म्हणाली. "माझं मत विरुद्ध होतं. नाव लावा, फोटो लावा, हॉलला तुमचं नाव द्या हवं तर. नंबर मात्र मुलींकडे राहू दे. एखादी नवी मुलगी येते, चौदा मागते, हा कुणाचा होता म्हणून विचारते. तुम्ही टिकता त्या विचारण्यात. छताच्या कापडाकडे मान वर करून कोण बघतं?"

"पुरुषांचे पाच टांगले तेव्हा हे कुणाला सुचलं नाही."

"मी तेव्हा इथे नव्हते."

"मी होते," रोंडा म्हणाली.

कोचनं मान हलवली. 

ऑसगुड खाकरले. "एक गोष्ट तेवढी तुमच्यावर सोडलीय. सध्या तो नंबर डेलनी घालते. समारंभ करायचा, पण तिचं शिक्षण संपेपर्यंत तिला तो घालू द्यायचा, असं करता येतं. बऱ्याच ठिकाणी करतात. नाहीतर मग आत्ताच उतरवायचा."

"तिच्या अंगावर राहू द्यायचा का, एवढंच सांगा," कोच म्हणाली आणि पहिल्यांदाच तिनं रोंडाच्या डोळ्यांत पाहिलं.

रोंडा हसली. "शनिवारी तुम्हीही होतात ना तिथे? अजून दोन वर्षं हे असंच चाललं तर टांगायला उरेल काय? पोतेरं?"

"ती मेहनत करते, रोंडा."

"मेहनत सगळेच करतात. गाढवंही करतात. नाही, टांगायचा तर पुरता टांगा. कोरा करकरीत. मधे कुणी तो घालून बाकावर बसलेलं मला नकोय."

"आधी तिच्याशी बोलून बघणार नाही?"

"मी आई आहे तिची. मी सांगेन तिला."

ऑसगुडनी कोचकडे पाहिलं. कोच खिडकीबाहेर, बर्फानं भरलेल्या आवाराकडे बघत राहिली.

रविवारी जेवायला डेलनी वसतिगृहातून घरी आली. रोंडानं मांस शिजवलं होतं, बटाटे कुस्करले होते. प्रार्थना झाली, ताटं भरली आणि मग तिनं जर्सीची बातमी सांगितली. वेन उठून तिच्यापाशी आला. त्यानं तिच्या केसांवर ओठ टेकवले.

"शेवटी जाग आली म्हणायची लेकाच्यांना!"

"डेलनी, तुला मात्र दुसरा नंबर घ्यावा लागेल."

वेन खुर्चीवर बसता बसता थांबला. "आत्ताच? हंगामाच्या मधेच?"

"मला विचारलं त्यांनी. मीच म्हटलं, आत्ताच."

डेलनीनं शेंगांच्या भाजीचा चमचा भांड्यात परत ठेवला.

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? काही वाटत नाही तुला?"

"काय वाटायला हवं, आई?"

"माझ्या आईनं मला असं सांगितलं असतं तर मी ताट भिरकावलं असतं. हेच, हेच कमी आहे तुझ्यात. उंची आहे, हात आहेत, आणि आत काही पेटतच नाही."

"रोंडा," वेन म्हणाला.

"खोटं बोलतेय का मी? समोरचा संघ चौदा नंबर बघतो आणि हिच्यावर दोघी लावतो. पहिली पाच मिनिटं. मग त्यांना कळतं. मग ते एकीला काढून घेतात. तिथे बसून मला ते बघावं लागतं, वेन. एकीला काढून घेतात ते."

"मलाही दिसतं ते," डेलनी म्हणाली. "बटाटे दे ना इकडे."

तिनं बटाटे वाढून घेतले आणि सगळे खाल्ले. वेननं आपलं अर्धवट जेवलेलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. बराच वेळ नळ वाहत राहिला. मुलगी गेल्यावर तो दारात उभा राहून म्हणाला, "तुझ्या वेळी बायकांची लीग नव्हती, यात त्या पोरीचा काय गुन्हा?"

 पदवी घेतल्यावर रोंडाला खेळायला देशात जागाच नव्हती. एक हंगाम ती हंगेरीत खेळली; थंड वसतिगृह, न कळणारी भाषा, आणि शेवटी गुडघ्यातलं फाटलेलं लिगामेंट. कुबड्या घेऊन ती परत आली. अमेरिकेत बायकांची लीग सुरू झाली, त्या उन्हाळ्यात ती वेनच्या बियाण्यांच्या दुकानात मक्याच्या थैल्या शिवत होती. दुकानातला टीव्ही तिनं त्या दिवसांत कुणाला लावू दिला नव्हता.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी हॉल गच्च भरला. इतर वेळी मुलींच्या सामन्याला वरच्या रांगा रिकाम्या असत. रोंडाच्या जुन्या सोबतिणी लांबलांबून आल्या होत्या. मध्यंतरात मैदानावर चटई अंथरली गेली, दिवे मंद झाले, आणि दोरीनं ओढलेली चौदा नंबरची जर्सी हळूहळू वर सरकत गेली. वर पोचल्यावर ती पुरुषांच्या पाच जर्सींच्या शेजारी जराशी हलून स्थिर झाली. लोक उभे राहिले. रोंडानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वेननं तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग तिच्या हातात माईक आला.

तिनं जुन्या कोचचे आभार मानले, सोबतिणींची नावं घेतली. मुलींचा संघ एका ओळीत उभा होता. डेलनीच्या अंगात त्रेपन्न नंबरची जर्सी होती. कपाटात शिल्लक होती ती कुण्या आडदांड मुलीची, त्यामुळे खांद्यांवरून ओघळत होती.

"आणि माझ्या मुलीचे आभार," रोंडा म्हणाली. "मधली दीड वर्षं तिनं हा नंबर सांभाळला. फार वापरला नाही, त्यामुळे नव्यासारखाच राहिलाय."

हॉल हसला. मोठ्यानं, मनापासून, समारंभात लोक हसतात तसा. ओळीतल्या मुली हसल्या नाहीत. डेलनीनं टाळ्या वाजवल्या.

सामना पुन्हा सुरू होण्याआधी ऑसगुड रोंडाला आणि वेनला वर घेऊन गेले. तिथे देणगीदारांसाठी काचेची गॅलरी होती. मऊ खुर्च्या, गरम कॉफी.

"ही जागा आता कायमची तुमची," ते म्हणाले. "प्रत्येक सामन्याला."

"मला खालीच बरं वाटतं."

"छे! जिचा नंबर छताला, ती बाकड्यावर बसणार होय? डेलनीचा आग्रह आहे." ऑसगुड खुशीत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "आता सांगायला हरकत नाही. हे सगळं तिचंच आहे. ऑक्टोबरपासून माझ्या मागे लागली होती पोरगी. समितीपुढे उभी राहून बोलली. पाच पुरुष टांगलेत आणि माझी आई का नाही, म्हणाली. दोघातिघांची मतं तिनंच फिरवली."

 रोंडानं काचेला हात टेकवला आणि खाली पाहिलं. त्रेपन्न नंबर बाकावरून उठून मैदानात येत होता. डेलनी काही फार चांगलं खेळली नाही. एक बॉल तिच्या हातून निसटून रेषेबाहेर गेला, तेव्हा शेजारची मुलगी काहीतरी म्हणाली आणि डेलनी खदखदून हसली. मैदानात तिला हसताना रोंडानं कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती या हसण्यावरून ओरडली असती. आज तिनं नवऱ्याची बाही धरली.

"वेन," ती म्हणाली, "पोरीनं केलं हे. माझ्यासाठी."

"अगं, मग जा, भेट तिला."

सामना संपल्यावर ती जवळजवळ धावतच जिना उतरली. बाहेर गाड्यांच्या आवारात बर्फ टणक झालं होतं. डेलनी खांद्याला बॅग लावून ओल्या केसांनी बाहेर आली. तिच्या मैत्रिणी एका ट्रकमध्ये बसून तिची वाट पाहत होत्या.

"ऑसगुडनी सांगितलं मला," रोंडा म्हणाली. "बोलली का नाहीस, वेडे?" आणि तिनं मुलीला मिठीत घेतलं.

डेलनीनं घेऊ दिलं. तिचे हात बॅगेच्या पट्ट्यावरच होते.

"तो प्रश्नही माझाच होता," ती आईच्या खांद्यावरून म्हणाली.

"कुठला प्रश्न?"

"तिच्या अंगावर राहू द्यायचा का, तो. समितीनं मला तो शेवटपर्यंत दिलाच होता. मी म्हटलं, आधी आईला विचारा."

रोंडाचे हात सैल पडले. "मला कशाला?"

"तू काय म्हणतेस ते बघायचं होतं."

ट्रकमधून कुणीतरी भोंगा वाजवला. डेलनीनं त्या दिशेला हात उंचावला.

"कोच सांगत नव्हत्या. मी पिच्छा पुरवला तेव्हा सांगितलं. पोतेरं म्हणालीस, गाढवं म्हणालीस, सगळं."

"डेलनी, अगं, मी ते बोलण्याच्या भरात—"

"नाही गं, बरंच झालं. उगाच आशा होती मला." तिनं बॅगेचा पट्टा सारखा केला. "पुढच्या वर्षी येत जा. ती वरची जागा चांगली आहे. सगळं स्वच्छ दिसतं तिथून. आवाज तेवढा खाली येत नाही."

ती ट्रककडे चालू लागली. दार उघडलं, आतून गाण्याचा आणि हसण्याचा गलका बाहेर आला आणि दार लागलं.

वेन मागून पोचला तेव्हा एक म्हातारं जोडपं रोंडाजवळ येऊन उभं होतं. बाईनं लोकरी टोपी मागे सारली.

"तुम्हीच ना रोंडा? आम्ही तुमचा एकही सामना चुकवला नव्हता, बघा. एक फोटो काढू का?" तिनं आपला फोन वेनच्या हातात दिला आणि इकडेतिकडे पाहिलं. "तुमची मुलगीही खेळते ना? तिलाही बोलवा की."

ट्रक फाटकातून वळून रस्त्याला लागला होता.

"ती पुढे गेली," रोंडा म्हणाली, आणि त्या दोघांच्या मधे ताठ उभी राहिली.