कामाचा वास

माझं नाक तिखट आहे हे मी सगळ्या गल्लीला सांगत आलोय. लाकडाचा तुकडा डोळे मिटून नाकाशी धरला की साग आहे की आणखी काही, हे मी सांगायचो. माणूस दारातून आत आला की आदल्या रात्री त्याचं काय झालं होतं, तेही सांगायचो. दारू सोडल्यापासून तर हे नाक फारच चढून बसलं होतं. बायको म्हणायची, "त्या नाकाला दुकानात वेगळी खुर्ची टाका, बसू दे बिचारं." मी हसायचो. आता तेच नाक मला आरशात बघवत नाही.

माझं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे. लोक जुनी कपाटं, टेबलं, खुर्च्या आणून टाकतात, आम्ही दुरुस्त करून चकचकीत करून देतो. खरं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याला फडकं गुंडाळून, खांदा भरून येईपर्यंत ती लाकडात जिरवायची. माझ्या पिण्याच्या काळात या स्पिरिटनं मला फार सांभाळून घेतलं. पिण्यासाठी नव्हे, ते विष असतं आणि इतका मी वाया गेलो नव्हतो. ते लागायचं सांगण्यासाठी. घरी गेलो, बायकोनं मान वळवून श्वास घेतला, की तिनं विचारायच्या आत मी म्हणायचो, "कामाचा वास आहे." विषय संपला. ती वाढायला घ्यायची, मी हात धुवायला जायचो.

सोडली तेव्हा आधी स्पिरिटचे डबे दुकानाबाहेर काढले. आता आम्ही पाण्यातलं पॉलिश वापरतो. त्याला वास नाही, आणि खरं सांगायचं तर तेजही नाही. लाकडावर प्लास्टिकची पिशवी चढवल्यासारखं दिसतं. जुनी गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करतात. मी म्हणायचो, करा. माझ्या दुकानात वास येईल तो लाकडाचा नाही तर चहाचा.

टेकू मला रविवारच्या सभेत भेटला. तिथं दारू सोडलेले, सोडू बघणारे आणि नुसते बायकोच्या भीतीनं आलेले, असे सगळे गोल करून बसतात. शेवटी डोळे मिटून वरच्याची प्रार्थना असते. माझं वरच्याशी कधी फारसं जमलं नाही. बाकीचे डोळे मिटायचे तेव्हा मी शेजारपाजारचे श्वास हुंगत बसायचो. टेकू मात्र मनापासून ओठ हलवायचा. पिण्याच्या दिवसांत तो कायम कुठल्यातरी भिंतीला टेकलेला सापडायचा, म्हणून हे नाव. भिंत सुटली, नाव चिकटलं. सुतारकामात हात छान होता, म्हणून मीच त्याला दुकानात घेतलं.

त्याच्या बायकोनं त्याला घराबाहेर काढलं होतं. तो एका भाड्याच्या खोलीत राहायचा आणि मुलीला शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहून बघायचा. मी मध्ये पडलो तेव्हा बायको म्हणाली, "भाऊजी, त्यांच्या शब्दावर आता माझा विश्वास नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी दार उघडीन." हे ऐकून मी किती फुगलो असेन, ते विचारू नका. पुढे वर्षभर मी त्याला रोज सकाळी हुंगूनच आत घ्यायचो. तो बिचारा हसत हसत तोंड पुढे करायचा. शेवटी मी तिला सांगून टाकलं, येत्या रविवारी घेऊन येतो. मुलीनं म्हणे आपल्या कपाटातला एक कप्पा बाबांसाठी रिकामा केला.

आणि त्याच आठवड्यात टेकू दुपारचा गायब व्हायला लागला. डबा खाऊन झाला की मागच्या लाकडाच्या खोलीत जायचा आणि आतून कडी लावायचा. बाहेर यायचा तो डोळे लाल. येतानाच नळावर साबणानं हात धुवायचा. ज्या माणसाला जेवायच्या आधी हात धुवा म्हणून सांगावं लागायचं, तो आता दोन दोनदा हात धुतोय म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं.

एका दुपारी आम्ही दोघं मिळून एक टेबल उचलत होतो. तो माझ्याजवळ वाकला आणि त्याच्या शर्टाचा भपकारा आला.

"काय रे, वास कसला?"

तो दचकला. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून ओशाळं हसला. "कामाचा वास आहे, दादा."

भाषेत एवढे शब्द आहेत, त्याला नेमके हेच सापडावेत? माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुठलं काम? आपल्या दुकानात स्पिरिटचा थेंब तरी आहे का?"

"सांगतो ना. रविवारपर्यंत थांबा."

"'कामाचा वास' मला शिकवतोस? अरे, या वाक्यावर मी संसार रेटलाय. ज्या शाळेत तू जातोयस, तिथला मी हेडमास्तर होतो."

त्यानं टेबल खाली ठेवलं. तोंड माझ्यासमोर आणलं, रोज आणायचा तसंच, आणि म्हणाला, "हुंगा. तुम्हीच बघा."

मी मान फिरवली. वर्षभर ज्याला रोज हुंगलं, त्याला नेमकं त्या दिवशी हुंगलं नाही. नाक होतं, तोंड समोर होतं, एका श्वासाचा प्रश्न होता. पण मी आधीच ठरवून बसलो होतो, आणि ठरवल्यावर मला खरं-खोटं बघायची गरज उरली नव्हती. मी म्हणालो, "चालता हो." त्यानं मागच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. मग मी त्याच्या बायकोला फोन लावला. "रविवारचं विसर. प्यायलाय." ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फळी हवी होती म्हणून मी ती खोली उघडली. आत स्पिरिटचा वास कोंडला होता. आणि मधोमध उस्तादांची खुर्ची.

ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांची ती खुर्ची. ते गेल्यावर माझ्याकडे आली. काळवंडली होती, आणि पाण्यातलं पॉलिश तिच्यावर बसतच नव्हतं. दोनदा लावलं, दोनदा खरवडलं, शेवटी मागच्या खोलीत टाकून दिली. खऱ्या पॉलिशला हात लावायची माझी हिंमत नव्हती. चहा पिताना मी रोज कुरकुरायचो की आता ती खुर्ची माझ्याबरोबरच जाणार अशी काळी. टेकू ते ऐकायचा.

आता ती खुर्ची उजळली होती. पाठ, बैठक, पाय, उजवा हात, सगळं मधासारखं. डावा हात तेवढा काळा राहिला होता. खाली स्पिरिटची बाटली, वाटीत लाख, आणि कडक होऊन गेलेला बोळा. खोलीला खिडकी नाही. आत बसून घासलं तर डोळे लाल होणारच आणि शर्ट वासानं भरणारच. हे जगात कुणाला कळायला हवं होतं तर मला. मी तिथंच फळ्यांवर बसलो. खुर्चीवर बसायची लाज वाटली.

तडक त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. तो खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, पण शुद्धीत. एका नजरेत कळत होतं. मी म्हणालो, "चुकलो रे."

"खुर्ची बघितलीत?"

"बघितली."

"डावा हात राहिलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझं जाऊ द्या, दादा. पण तिला सांगा. ती तुमचं ऐकते."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या बायकोकडे गेलो तेव्हा ती कपड्यांना इस्त्री करत होती. लोकांचे कपडे, दारापर्यंत ढीग. मी उभ्या उभ्या सांगितलं की तो प्यायला नव्हता, माझीच चूक झाली.

"काल प्यायलाय म्हणालात," ती म्हणाली. "मग वास कसला होता?"

दुसरे शब्द नव्हतेच. "कामाचा होता."

तिनं इस्त्री उभी ठेवली. रागावली नाही, उलट किंचित हसली. "वहिनींनी मला सांगितलंय, भाऊजी. त्या हे किती वर्षं ऐकत होत्या ते."

"या वेळी खरं आहे."

"त्या वेळीही तुम्ही असंच म्हणत असाल." मग तिचा आवाज खाली आला. "पोरीला मी सांगून टाकलंय. रात्रभर रडली. त्या कप्प्यात आता तिनं पुस्तकं रचलीत. आता पुन्हा सांगू की बाबा येणार? आणि परत काही झालं की पुन्हा नाही म्हणून सांगू? किती वेळा फिरवू तिला?"

मी तिला एकच गोष्ट देऊ शकत होतो, माझा शब्द, आणि तो मी माझ्याच घरी वापरून वापरून झिजवला होता. तिनं इस्त्री परत हातात घेतली. मी निघालो.

घरी जाववेना. दुकानात आलो, मागच्या खोलीत गेलो आणि नवा बोळा करून खुर्चीच्या डाव्या हाताला बसलो. इतक्या वर्षांनी स्पिरिट हाताला लागलं. थंडगार लागतं ते. घासत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा वरच्याशी बोललो, आणि बोललो काय, तर टेकूला आज पाजू नकोस एवढंच. उजेड कमी झाला तेव्हा उठलो.

बायकोनं दार उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि तिनं मान वळवून श्वास घेतला, अगदी पूर्वीसारखा. ते वाक्य ओठांवर आलं. खरं होतं, तरी बोलवेना.

तिनं वासाचं विचारलं नाही. "काय झालं?" म्हणाली. मी तिथंच दारात सगळं सांगितलं, मान फिरवली ते आणि फोन केला तेसुद्धा. सांगताना रडलो, ते लपवलं नाही.

"तुम्ही विचारल्यावर तो काय म्हणाला होता?"

"कामाचा वास आहे, म्हणाला."

"आणि तुम्हाला खरं वाटलं नाही."

"कसं वाटणार? मीच इतकी वर्षं तुला... तुला तरी कुठं खरं वाटायचं?"

"नाही वाटायचं," ती म्हणाली. "रोज कळायचं मला."

"मग एकदाही बोलली का नाहीस?"

"एखाद्या दिवशी खरंच कामाचा असला तर, म्हणून."

ती आत गेली. मी नळाकडे वळलो, तर आतूनच म्हणाली, "हात धुऊ नका." पर्स काखेला लावून बाहेर आली आणि चपला शोधायला लागली. "तिच्याकडे जाऊन येऊ. बोलायचं मी. तुम्ही फक्त हात पुढे करा, कामाचा वास कसा असतो ते तिला हुंगू दे."