झाकण बंद होतं

आमच्या क्लाइव्हला कोणी काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. ही खोड आजची नाही. लहानपणी त्याला पाव आणायला पाठवलं की रांगेत मागून येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "बाळा, मला जरा घाई आहे रे," आणि हा बाजूला व्हायचा. एकदा तर त्याचा बाप समुद्रावर निघायचा दिवस आणि हा रिकामी पिशवी घेऊन दारात उभा. पाव संपले होते. मी विचारलं, "तू गेलास तेव्हा रांगेत किती जण होते?" म्हणाला, "मी पहिलाच होतो."

आर्नी, माझा नवरा, हसत हसत बिस्किटं घेऊन बोटीवर गेला. मी हसले नाही. मी शाळा अर्धी टाकून मासळीच्या शेडमध्ये सुरी धरलेली बाई. माझ्या पुढ्यातला हॅडॉक मासा दुसरीनं उचलला असता तर तिला बोटं मोजून घ्यावी लागली असती. असल्या बाईच्या पोटी हे असं पोर कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढं आमच्या गावानं, थॉर्नवेथनं, त्याला खासदार केलं. गावातल्या प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी काहीतरी दिलं होतं, मग गावानंही एकदा त्याला दिलं. लंडनला गेला आणि सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाशेजारी जाऊन बसला. इतकी वर्षं झाली, तिथून एक बाकही पुढं सरकला नाही. मंत्री होणारी पोरं त्याच्या गुडघ्यांना धडकत पुढं गेली. हा पाय आखडून घेतो आणि वर "माफ करा" म्हणतो.

पण बोलतो मात्र कशावरही. आर्नीची फुप्फुसं गेल्यापासून त्याची खाट आम्ही खाली पुढच्या खोलीत आणली होती, टीव्हीसमोर. सभागृह चालू असलं की आर्नी टीव्ही लावून बसायचा. आमचा क्लाइव्ह साळिंदरांवर बोलला. बहिऱ्या माणसांच्या कानातल्या यंत्राच्या सेलवर बोलला. शाळेपुढं रस्ता ओलांडून देणाऱ्या बायकांच्या पगारावर, तुरुंगातल्या पुस्तकांवर, कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या लोकांना त्यांच्या घरी परत जाऊ द्यावं म्हणून, चर्चच्या छतातल्या वटवाघळांवर.

शेजारची मेव्हिस दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाली, "हिल्डा, तुझा क्लाइव्ह काल वटवाघळांची बाजू घेत होता म्हणे."

"घेतली," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याची घ्यायला कोणी नसतं, वटवाघळांची तरी आहे."

बाहेर मी असं बोलायचे. घरात आर्नीला म्हणायचे, "सगळ्या जगाचं बोलतो, आपलं कधी बोलणार?"

"बोलेल," आर्नी म्हणायचा. "वेळ यावी लागते तिथं."

आपलं म्हणजे काय, ते सांगते. आर्नीचा धाकटा भाऊ लेन. 'अल्मा ग्रेस' नावाच्या बोटीवर मेट होता, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा. बोट उत्तरेला बुडाली, एकही माणूस परत आला नाही. चौकशी झाली आणि साहेबांनी लिहिलं की मासळीच्या कोठाराचं झाकण उघडं राहिलं होतं, त्यातून पाणी शिरलं. आणि झाकण बघायचं काम मेटचं. म्हणजे लेनचं. एवढंच लिहिलं. पण मग चॅपलमध्ये आमच्या बाकावर कोणी बसेना. त्या बोटीवरच्या माणसांच्या बायका मला बघून रस्ता ओलांडायच्या. माझ्या सासूनं घराचे पुढचे पडदे ओढले ते मरेपर्यंत उघडले नाहीत. आर्नी त्यानंतरही समुद्रावर जायचा, पण बोटीवर पहिल्या दिवशी त्याच्याशेजारी जेवायला कोणी बसायचं नाही. मला हे त्यानं कधी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

मग दोन वर्षांमागं कोण्या पाणबुड्यांना ती बोट तळाशी सापडली. त्यांनी खाली कॅमेरा नेला. झाकण बंद होतं. वर कड्या लावलेल्या. तो फोटो बघून आर्नी म्हणाला, "मला ठाऊकच होतं," आणि परसात जाऊन बराच वेळ उभा राहिला.

बोट सापडली, पण लिहिलेलं तसंच राहिलं. सरकारचं म्हणणं, जुन्या चौकशा पुन्हा उघडता येत नाहीत. आर्नीला सरकारकडून काही नको होतं. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, की सभागृहात बोललेला शब्द छापून कायमचा ठेवतात. साहेबांनी छापलं तसं आपलंही एकदा छापलं जावं. आणि त्यासाठी त्याला फार दिवस उरले नव्हते, हे डॉक्टरनं न सांगताही आम्हा दोघांना समजत होतं.

एका सोमवारी क्लाइव्हचा फोन आला.

"आई, गुरुवारी चर्चा आहे. जुन्या बोटींच्या चौकशांवरच. मला बोलायला मिळेल बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय?"

"उभं राहायचं. अध्यक्षांनी नाव घेतलं की बोलायचं."

"आणि नाही घेतलं तर?"

"बसायचं. पुढचा बोलून झाला की पुन्हा उभं राहायचं."

"चर्चमध्येही एवढी उठबस नसते."

आर्नीनं हात पुढं केला. मी फोन त्याच्या कानाला लावला. त्याला एका दमात चार शब्दांपेक्षा जास्त जमायचं नाही.

"क्लाइव्ह. लेनचं नाव घे. म्हण, झाकण बंद होतं. बाकी काही नको."

"घेतो, बाबा."

"आधी घे."

मी फोन परत घेतला. "ऐकलंस ना? आधी घे म्हणतोय तो."

"आई, तिथली तशी रीत नाही. ज्यानं चर्चा मागितली त्याचे आभार, आधी बोलले त्यांचं कौतुक, मग आपलं म्हणणं."

"आभार शेवटी मान. वेळ उरला तर."

तो हसला. मला वाटलं, ऐकलं त्यानं.

गुरुवारी मी कपडे धुतले नाहीत. घरचा पुरुष समुद्रावर निघाला की त्या दिवशी आमच्याकडे धुणं काढत नाहीत, काढलं तर त्याला पाणी घेऊन जातं. क्लाइव्ह काही बोटीवर नव्हता, पण मी धुणं टोपलीत तसंच ठेवलं. आर्नीनं ते बघितलं. त्याला मी नवा सदरा घातला होता. उशांवर टेकवून बसवलं. आमची मुलगी जॅनिस सूप घेऊन आली होती, तेही तसंच राहिलं.

चर्चा सुरू झाली. एकेक जण बोलायला लागला. एकाचं संपलं की इकडून तिकडून माणसं उभी राहायची आणि त्यांच्यात मागं, खांबाशेजारी, आमचा क्लाइव्ह. नाव दुसऱ्याचं व्हायचं. क्लाइव्ह खाली.

"उठला बघ," आर्नी म्हणायचा.

थोड्या वेळानं पुन्हा, "उठला."

दुपार सरत आली. मला बसवेना. शेवटी त्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आता एकच सदस्य राहिले आहेत, मंत्र्यांनी उत्तर द्यायच्या आधी दोन मिनिटं आहेत. आणि आमचं आडनाव घेतलं. आर्नीनं माझा हात धरला. बोटीवर दोर ओढलेला हात होता तो, पण त्या दिवशी त्यात काही वजन राहिलं नव्हतं.

क्लाइव्ह उभा राहिला. त्यानं चर्चा मागणाऱ्याचे आभार मानले. आधी बोलले त्यांची भाषणं किती हलवून टाकणारी होती ते सांगितलं. मी पडद्याला म्हटलं, "पुरे." मग त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "अध्यक्षमहोदया, माझ्या गावात एक घर आहे, त्या घराचे पडदे..."

तेवढ्यात पलीकडच्या बाजूची निळ्या कोटातली एक बाई उठली. "सन्माननीय सदस्य मला क्षणभर बोलू देतील का?"

तिथं असं विचारता येतं, पण तो वेळ बोलणाऱ्याच्याच वाट्यातून जातो. नाही म्हणायचीही मुभा आहे. दिवसभर कितीतरी जणांनी म्हटलं होतं. क्लाइव्हनं घड्याळाकडं बघितलं. मग त्या बाईकडं बघितलं.

"नाही म्हण," मी म्हटलं.

जॅनिस म्हणाली, "आई, त्याला ऐकू येत नाही."

क्लाइव्ह खाली बसला. त्या बाईनं तिच्या गावच्या बोटीचं सांगितलं. बुडालेल्या माणसांची नावं घेतली, एकेक करून, घाई न करता. तिचं झाल्यावर क्लाइव्ह उठला, म्हणाला, "मी सन्माननीय सदस्यांचा अतिशय आभारी आहे," आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, वेळ संपला. त्याचं तोंड उघडंच होतं. ते त्यानं मिटलं आणि तो बसला. पुढं मंत्री उठले.

मग आर्नी म्हणाला, "बाईनं नावं छान घेतली."

उशीवर मान टेकवून म्हणाला, "कुणाची तरी छापली जातील."

आणि मग, "बंद कर गं ते." क्लाइव्ह पडद्यावर दिसत असताना त्यानं टीव्ही बंद करायला सांगितलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी क्लाइव्ह गाडीनं आला. द्राक्षं घेऊन आला होता. ओल्या कोटासकट बापाच्या खाटेशी बसला.

"बाबा, मी..."

"घसा बसलाय तुझा," आर्नी म्हणाला. "आईकडून चहा घे."

"तिच्या गावची एक म्हातारी वर गॅलरीत बसली होती, बाबा. तिचा नवरा होता त्या बोटीवर. इतक्या लांबून आली होती, आणि त्या बाईला दिवसभर बोलायला मिळालंच नव्हतं."

"मग द्यायलाच हवं होतं."

"पुढच्या वेळी नक्की..."

"हो रे. पुढच्या वेळी."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. आर्नी माझ्याशी आयुष्यात फार थोडं खोटं बोलला. वादळातून जीव वाचवून घरी यायचा आणि म्हणायचा, या खेपेला हवा बरी होती. तोच आवाज होता. क्लाइव्हला तो आवाज ओळखता येत नाही. त्यानं बापाच्या हातावर हात ठेवला, त्याला वाटलं मिटलं सगळं.

रविवारी सकाळी मी चहा ओतत होते तेव्हा आर्नी गेला. क्लाइव्ह वरच्या मजल्यावर दाढी करत होता. मी किटली खाली ठेवली, आर्नीच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि मग हाक मारली.

चॅपल भरलं होतं. आमच्या बाकावरही माणसं बसली, आता बसली. शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा पुढचा उजवा कोपरा मुलाचा, हे कोणाला सांगावं लागत नाही. क्लाइव्ह खांदा द्यायला वाकला, तेवढ्यात आर्नीबरोबर बोटीवर असलेला पर्सी काठी टेकत पुढं आला.

"क्लाइव्ह, बाळा, मला धरू देशील पुढं? मी जेवायला बसायचो त्याच्याशेजारी."

पर्सी बसायचा नाही. पहिल्या दिवशी तर मुळीच नाही. पण क्लाइव्हनं त्याला खांद्याला धरून कोपऱ्याशी उभं केलं आणि स्वतः मागं झाला. माझ्यापुढून बापाच्या पेटीमागं मोकळ्या हातांनी चालत गेला.

नंतर हॉलमध्ये चहा आणि हॅमचे पाव होते. मी चमचा कपावर वाजवला. सगळे गप्प झाले. मी म्हटलं, "लेन लीडलीनं झाकण बंद केलं होतं. आर्नीला हे तुम्हाला ऐकवायचं होतं." लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी साखर ढवळली. मेव्हिस म्हणाली, "हो गं हिल्डा, आता काय त्याचं." मी बोललेलं कोणी छापत नाही.

घरी आल्यावर क्लाइव्हनं कोट काढला, बाह्या वर केल्या आणि कप विसळायला लागला. मी खुर्चीत बसले होते. खाट अजून पुढच्या खोलीतच होती, उशा तशाच रचलेल्या.

"आई, गुरुवारपासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस."

"बोलले. द्राक्षं धुऊन घे म्हटलं."

तो पाठमोराच म्हणाला, "मी पुन्हा वेळ मागितला आहे. या वेळी पहिल्याच वाक्यात घेणार काकाचं नाव. आधी आभारबिभार काही नाही."

"कोणासाठी?"

त्यानं नळ बंद केला. वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, आणि हातात कप तसाच होता. एवढा थोरला पुरुष, पण चेहरा रिकामी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोराचा.

"ती म्हातारी वरून माझ्याकडं बघत होती, आई. मी काय करायला हवं होतं? तूच सांग."

मग मी सांगितलं.

"जन्मभर तू लोकांना देत आलास. रांगेतली जागा दिलीस, पाव दिलेस, पुढचा बाक दिलास. आज बापाला खांदा द्यायचा, तोही दिलास. मी कटकट केली, पण ते सगळं तुझं होतं, तुझी मर्जी. गुरुवारचं ते मिनिट तुझं नव्हतं, क्लाइव्ह. ते तुझ्या बापाचं होतं. तू दुसऱ्याचं देऊन टाकलंस."